मौन म्हणजे निरंक नव्हे



ज्या शाळेत मी पाचवीपासून शिकलो, त्याच शाळेच्या सभागृहात सरांच्या स्मरणार्थ बोलण्यासाठी उभा राहताना मला आनंदापेक्षा संकोच अधिक वाटतो आहे. सरांचे संपूर्ण नाव या व्याख्यानमालेला दिलेलेच आहे. आम्हा विद्यार्थ्यांना मात्र ते अखेरपर्यंत नुसते ‘सर’ होते. आजही मी त्यांचा उल्लेख तसाच करणार आहे.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून आपण संतवाङ्मयावर, फार तर सुरतेतील मराठी वस्तीच्या इतिहासावर, काही ऐकण्याची अपेक्षा केली असणार. ‘अनेक ठिकाणच्या सर्व्हरांवर एका केंद्रातून देखरेख’ हा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या, हे मला प्रवेशद्वारापाशीच कळले. त्याचा खुलासा प्रथम करतो. माझा एक माजी विद्यार्थी एका वित्तसंस्थेच्या संगणक विभागात आहे. गावोगावच्या शाखांत ठेवलेल्या यंत्रांवर एका खोलीत बसून लक्ष ठेवणे, हे त्याचे काम. गेल्या दिवाळीत तो घरी आला आणि दोन तास आपल्या कामाविषयी बोलत राहिला. तो जसजसा बोलत गेला, तसतसे मला जाणवू लागले की ही विद्या मी पूर्वी पाहिलेली आहे. ती सरांच्या हजेरीपटात पाहिली होती, आणि तापीच्या पुरात तिचा अभावही पाहिला होता. म्हणून हा विषय घेतला. तांत्रिक तपशिलात काही उणे राहिल्यास दोष माझा समजावा, त्या विद्यार्थ्याचा नव्हे.

प्रारंभ शब्दापासून करू. तेवढा अधिकार मला आहे. देखरेखीच्या या कामाला इंग्रजीत ‘मॉनिटरिंग’ म्हणतात. ‘मॉनिटर’ हा शब्द आपण कोणी संगणकामुळे शिकलो नाही. तो आपण वर्गात शिकलो. वर्गाचा मॉनिटर! त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ ‘सावध करणारा’ असा आहे. नुसता पाहणारा नव्हे. पाहणे हे साधन आहे आणि सावध करणे हे कार्य आहे. ज्या देखरेखीतून कोणी वेळेवर सावध होत नाही, ती देखरेख नसून केवळ कुतूहल होय.

आमच्या वेळी सरांची पद्धत अशी होती. प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरने पहिल्या तासानंतर हजेरीची चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन द्यायची. सर्व मुले हजर असली तरी द्यायची, आणि तिच्यावर ‘निरंक’ असा एकच शब्द लिहायचा. मी पाचवीचा मॉनिटर होतो. एक दिवस सगळी मुले आली होती, म्हणून मी चिठ्ठी नेलीच नाही. सरांनी बोलावून घेतले आणि विचारले, “चिठ्ठी कुठे आहे?” मी म्हटले, “सर, कोणी गैरहजर नव्हतं.” सर म्हणाले, “ते मला कसं कळणार? चिठ्ठी आली नाही म्हणजे मुलं सगळी आली, की मॉनिटरच आला नाही?”

हा प्रश्न मी त्या वयात समजलो नाही. तो समजायला मला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ‘निरंक’ हा आपल्या कचेरीतला शब्द मोठा मार्मिक आहे. निर् आणि अंक. जेथे लिहावा असा आकडा नाही तो निरंक. पण निरंक अहवाल म्हणजे कोरा कागद नव्हे. कोणी तरी जाऊन पाहिले, मोजले, काही आढळले नाही, आणि तसे सही करून कळविले, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात साठविलेला आहे. मौनात यातले काहीच नसते. आजच्या व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे की मौन म्हणजे निरंक नव्हे. बाकी जे सांगायचे आहे ते या सूत्राचे भाष्य समजावे.

आता सर्व्हर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. इतर संगणकांना हवी ती माहिती किंवा सेवा पुरविणारा संगणक तो सर्व्हर. आपण पासबुक भरून घेतो, रेल्वेचे तिकीट काढतो, रुग्णालयात तपासणीचा अहवाल मागतो, तेव्हा कोठल्या तरी बंद खोलीत असे एक यंत्र राबत असते. त्याचे तापमान वाढते, साठवणुकीची जागा भरत जाते, वीज जाते, तार तुटते. संस्था दहा गावी पसरलेली असेल तर दहा गावी माणसे बसविणे परवडत नाही. म्हणून एक मध्यवर्ती केंद्र असते आणि ते प्रत्येक ठिकाणची खबर ठेवते. खबर ठेवण्याच्या रीती दोन. केंद्राने ठरावीक वेळाने प्रत्येकाला विचारायचे, “बाबा रे, ठीक आहेस ना?” किंवा प्रत्येकाने आपणहून कळवायचे, “मी ठीक आहे.” नॅगिऑस, झॅबिक्स, प्रॉमिथियस अशी या कामाची साधने जगभर वापरात आहेत. साधन कोणतेही असो, त्यामागचे प्रश्न तेच असतात. ते प्रश्न समजून घ्यायला आपल्याला संगणकाच्या खोलीत जाण्याची गरज नाही, कारण आपण ज्या नदीच्या काठी राहतो तिच्यावर अशीच एक व्यवस्था उभी आहे.

तापी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५,००० चौरस किलोमीटरांचे आहे आणि त्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे आजे-पणजे ज्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मुलखातून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले, त्याच मुलखातून तापीचे पाणीही येते. आपण आणि नदी एकाच वाटेने आलो, असे म्हणायला हरकत नाही. याचा परिणाम असा की सुरतेत थेंब पडलेला नसताना सुरत बुडू शकते. संकट येथे उतरते आणि त्याची खबर मात्र तिकडे, शेकडो किलोमीटरांवर, जन्माला येते.

म्हणून या नदीवर ठिकठिकाणी पाणी मोजले जाते. पूर्णेवर येरळी, मुख्य नदीवर बुऱ्हाणपूर, भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा; मग उकाईचे धरण, काकरापारचा बंधारा आणि शेवटी सुरतेचा पूल. हतनूरच्या धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यांतले किती उघडले, ही बातमी पावसाळ्यात आपण पेपरात पहिल्यांदा शोधतो. उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि ते आपल्यापासून सुमारे शंभर किलोमीटर वर आहे. या सर्व ठिकाणांचे आकडे वेळेवर एकत्र आले, तर उकाईत किती पाणी येणार हे आधी कळते, आणि किती पाणी कधी सोडावे हे ठरविता येते. पूर्वी हे आकडे माणूस पट्टीवर वाचून बिनतारी यंत्रावरून कळवीत असे. पुढे स्वयंचलित यंत्रे आली आणि उपग्रहामार्फत आकडे येऊ लागले. तीन राज्ये, एक नदी, अनेक चौक्या आणि निर्णयाची एक जागा. माझ्या विद्यार्थ्याच्या दहा शाखा आणि एक खोली यांहून हे चित्र तत्त्वतः निराळे नाही. फरक एवढाच की तेथे यंत्र बंद पडले तर व्यवहार थांबतो, येथे घर बुडते.

२००६ च्या ऑगस्ट महिन्यात काय झाले ते येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ७ ते १० ऑगस्ट हे दिवस प्रत्येकाच्या भिंतीवर कोठे ना कोठे रेघ ओढून गेले आहेत. जलाशय आधीच बराच भरलेला होता, वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, आणि उकाईतून सोडलेले पाणी सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेले. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. धरण आधी किती रिकामे ठेवायला हवे होते, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्यात मी पडत नाही. माझ्यापुरता प्रश्न वेगळा आहे. खबर देणारी व्यवस्था मजबूत कशी असावी? त्याची चार पथ्ये मला दिसतात.

पहिले पथ्य निरंकाचे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडाच्या ईशान्य भागात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्याची चौकशी झाली तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघड झाली. ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी आतल्या आत गोठली होती. पडद्यावर काही उमटले नाही, घंटा वाजली नाही. थोड्या वेळाने मुख्य सर्व्हर बंद पडला. त्याची जागा पर्यायी सर्व्हरने घेतली, परंतु तोही त्याच प्रणालीचा, त्याच रखडलेल्या कामाचा वारस. तेरा मिनिटांत तोही बसला. बाहेर विजेच्या तारा तापून, लोंबून झाडांना टेकत होत्या आणि एकामागून एक बंद पडत होत्या. कक्षातील माणसे मात्र निश्चिंत होती, कारण घंटा वाजत नव्हती. शेजारच्या वीज कंपनीचे फोन येत होते, “तुमच्या लाइनीत काही बिघाड दिसतो.” पडद्यावर काही दिसत नाही, तेव्हा बिघाड नसावा, असा समज दृढ होता. चार वाजून गेल्यावर सारे कोसळले. माणसे कामचुकार नव्हती. त्यांनी मौनाला निरंक मानले, एवढेच.

यावर उपाय काय? तोच, सरांच्या चिठ्ठीचा. प्रॉमिथियस वापरणाऱ्यांत एक प्रघात आहे. धोक्याच्या सूचनांत एक सूचना अशी ठेवतात की जी अहोरात्र वाजतच राहते. तिचा अर्थ धोका असा नसून ‘देखरेख करणारा जागा आहे’ असा असतो. ती पूर्णपणे वेगळ्या जागी असलेल्या दुसऱ्या पहारेकऱ्याकडे जाते, आणि ती थांबली की तो पहारेकरी धावपळ सुरू करतो. इतर घंटा वाजल्या म्हणजे संकट; ही घंटा थांबली म्हणजे संकट. पहाऱ्यावर पहारा हवाच, पण दुसरा पहारेकरी पहिल्याच्या ताटात जेवणारा नसावा. एकाच मातीची, एकाच भट्टीत भाजलेली दोन मडकी एकाच पावसाळ्यात गळतात.

याला जोडून आणखी एक. अडकलेला आकडा हे मौनाचेच एक फसवे रूप आहे. नदीतील मापकयंत्राचा तरंगता भाग गाळात रुतला तर ते तासन्‌तास एकच पातळी दाखवीत राहते. पाऊस कोसळत असताना पाणी तीन तास केसभरही हलत नसेल, तर नदी शांत आहे असे समजू नये. यंत्र आजारी आहे असे समजावे. सर्व्हरचेही तसेच असते. हाक मारली तर ‘ओ’ देतो, म्हणून त्याच्यासमोर हिरवा दिवा लागतो. काम मात्र त्याने केव्हाच थांबविलेले असते. म्हणून जाणकार माणूस केवळ हाक मारून थांबत नाही. तो गिऱ्हाईक होऊन खिडकीपाशी जातो आणि पासबुक खरोखर भरून मिळते का ते पाहतो.

दुसरे पथ्य असे की ज्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्याच खांबावर आपली दोरी बांधू नये. २००६ च्या पुरात आपण काय अनुभवले? पाणी चढले, वीज गेली. वीज गेली तसे फोन मुके झाले. जे संकट कळवायचे तेच संकट कळविण्याचे साधन घेऊन गेले. जगातल्या बलाढ्य संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांचे स्वतःचे जाळे तुटले, आणि दुरुस्तीसाठी जी अंतर्गत साधने वापरायची ती त्याच जाळ्यावर चालत होती. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष त्या इमारतींत पाठवावे लागले. विहिरीत पडलेल्याला काढण्याचा दोर विहिरीतच ठेवलेला होता, असे म्हणता येईल.

म्हणून केंद्र दोन असावेत, आणि दोन्ही एकाच पुराच्या टापूत नसावेत. केंद्रीय जल आयोगाने उपग्रहाचे संदेश उतरवून घेण्यासाठी जयपूर आणि ओडिशातील बुर्ला अशी एकमेकांपासून फार दूरची ठिकाणे निवडली, त्यातला शहाणपणा हाच. संदेशाची वाट दुहेरी हवी. एक तारेची असेल तर दुसरी बिनतारी. आणि प्रत्येक शाखेत एक छोटा स्थानिक टिपणीस हवा. केंद्राशी संपर्क तुटला तरी त्याने मोजत राहावे, वहीत वेळ घालून लिहीत राहावे, आणि वाट पुन्हा उघडली की सगळी टिपणे क्रमाने पाठवावीत. यासाठी सर्वांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली हवीत. नाही तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे कोणालाच सांगता येत नाही. संपर्क तुटला त्या काळाची नोंद कोरी राहिली, तर पुढच्या वेळी शिकायचे कशावरून?

तिसरे पथ्य केंद्राच्या मर्यादेचे आहे, आणि त्याचा धडा आपल्या सुरतेनेच देशाला दिला. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक खासगी दवाखाने बंद झाले. कोठे किती रुग्ण आहेत, याचे एकत्र चित्र नव्हते, आणि ते नसल्यामुळे अफवाच बातमी झाली. १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला जागच्या जागी निर्णय घेण्याचे अधिकार दिले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळी खुर्ची सोडून रस्त्यावर जायचे आणि नंतर एकत्र बसून आढावा घ्यायचा, असा शिरस्ता पाडला. रुग्णालये आणि आरोग्यकेंद्रे यांच्याकडून आजारांची रोजची माहिती एका जागी जमविण्याची शिस्तही येथे रुजली.

यातले मर्म लक्षात घ्यावे. माहिती एकवटली, अधिकार मात्र वाटून दिले. अनेकदा उलटे होते. माहिती विखुरलेली राहते आणि अधिकार एका मेजावर साचतात; मग मेज बुडाले की सारे बुडते. केंद्राने सगळे पाहावे, पण दरवाजा उघडायला केंद्राची वाट पाहावी लागू नये. केंद्राशी संपर्क तुटला तर स्थानिक माणसाने काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असावे आणि वर्षातून एकदा त्याची तालीम झालेली असावी. कागदावरची योजना आणि हातात मुरलेली योजना यांत पोहण्याचे पुस्तक आणि पोहणे यांतले अंतर असते.

चौथे पथ्य ऐकणाऱ्याचे. आपल्याकडे प्रत्येक लग्नात अंतरपाटासमोर ‘सावधान’ असा घोष होतो. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य नवरदेवांनी तो ऐकला. परंपरा सांगते की मनावर घेतला तो एकट्या जांबच्या नारायणाने, आणि तो पुढे समर्थ रामदास झाला. विनोद सोडा, पण फार वेळा दिलेली सूचना मंत्रासारखी होते. कानावर पडते आणि मनाला स्पर्श करीत नाही. देखरेखीच्या खोलीत दिवसाला पाचशे घंटा वाजू लागल्या की पाचशे पहिली, खरी घंटा कोणी ऐकत नाही. एका शाखेची तार तुटली तर तिथली चाळीस यंत्रे मुकी होतात. तेव्हा चाळीस घंटा वाजविणारी व्यवस्था अडाणी होय. तार तुटली, ही एकच सूचना पुरे. जी सूचना ऐकून कोणी काही करायचे नाही ती सूचना म्हणून देऊच नये, वहीत लिहून ठेवावी. आणि जी द्यायची ती कोणाला, त्याने किती मिनिटांत उत्तर द्यायचे, तो न बोलल्यास पुढे कोणाला, हे नावानिशी ठरलेले असावे.

याचेही उदाहरण या शहराच्या मातीत आहे. ५ जानेवारी १६६४ च्या सकाळी शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत आल्याची खबर सुरतेत पोहोचली. खबर खरी होती. वेळही थोडा का होईना होता. सुभेदार इनायतखानाने शहराच्या बचावाची तजवीज केली नाही. तो किल्ल्यात जाऊन बसला. जदुनाथ सरकार लिहितात की पाचशे शिपायांचा पगार तो सरकारातून उचलीत असे, पण तशी फौज त्याने ठेवलीच नव्हती. आपण मराठी माणसे ही कथा महाराजांच्या पराक्रमाची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. सुरतकर म्हणून मात्र तिची दुसरी बाजूही पाहावी. हजेरीपटावर शिपाई होते, तटावर नव्हते. खबर आली होती, ऐकणारा नव्हता. दिवा हिरवा होता आणि काम बंद होते.

मित्रहो, आता एक खासगी गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझे एक ज्येष्ठ सहकारी होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, निवृत्त, विधुर. मुलगा परगावी. ते एका जुन्या बैठ्या घरात एकटे राहत. आम्ही चार-पाच मित्र त्यांच्याकडे नेहमी जाणारे. पूर आला तेव्हा आमचे कुटुंब वरच्या मजल्यावर सुखरूप होते. पहिल्या दिवशी फोन चालू असेपर्यंत मी त्यांना फोन केला नाही. मनात म्हटले, ते मुलाकडे गेले असतील. नाही तर त्यांचाच फोन आला असता. दुसऱ्या मित्राला वाटले, मी चौकशी केली असेल. तिसऱ्याला वाटले, शेजाऱ्यांनी हलविले असेल. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल तुडवीत त्यांच्या घरी पोहोचलो. सर जिवंत होते. दोन रात्री आणि तीन दिवस ते माळ्यावर, भांड्यांच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसून होते. आम्हाला पाहून त्यांनी कोणताही दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, “कोणी तरी हाक मारील असं वाटत होतं.” त्यांची प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

आम्ही सगळी शिकलेली माणसे. प्रेमही होते. उणीव एवढीच होती की त्यांच्या मौनाचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला. पाच मित्रांनी एकाच माणसावर लक्ष ठेवले आणि पाचांपैकी कोणीच ठेवले नाही. देखरेखीचा सारा शास्त्रार्थ मी त्या माळ्याखाली उभा राहून शिकलो. माझ्या विद्यार्थ्याने मला दिवाळीत दिली ती केवळ परिभाषा.

आणि तेव्हाच मला सर आठवले, म्हणजे आपले मुख्याध्यापक सर. सप्टेंबर १९५९ मध्ये तापीला मोठा पूर आला होता; त्याच वर्षी मी पाचवीत होतो. शाळा पुन्हा भरली तेव्हा काही बाके रिकामी होती. ज्यांच्या घरून निरोप आला होता त्यांच्या नावापुढे सरांनी खूण केली. उरलेली नावे एका कागदावर उतरवून घेतली आणि शाळा सुटल्यावर तो कागद घेऊन ते निघाले. तीन दिवस ते रोज संध्याकाळी असे फिरले. प्रत्येक दार त्यांनी स्वतः वाजविले. एक मुलगा तापाने फणफणलेला सापडला. त्याला त्यांनी स्वतः दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले, तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आता लिही, निरंक.” मी लिहिले. तो शब्द लिहिण्याचा अधिकार किती चालून मिळतो, हे मला त्या दिवशी थोडेसे दिसले होते. पुढे मी ते विसरलो.

२००६ नंतर सुरत काही शिकली, हे नमूद केले पाहिजे. हवामानबदलाला तोंड देऊ पाहणाऱ्या आशियाई शहरांच्या उपक्रमात सुरतेचा समावेश झाला, २०१२ मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली, आणि वरच्या खोऱ्यातील पावसावरून उकाईत येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधून शहराला अधिक अवधी मिळवून देण्याची व्यवस्था उभारण्यात आली. हे मोलाचे आहे. पण यंत्राची साखळी जेथे संपते तेथून माणसाची साखळी सुरू होते. शेवटची कडी ही कोणाच्या तरी दारावरची कडी असते, आणि ती वाजविणारा हात लागतो.

म्हणून व्याख्यानाच्या शेवटी माजी विद्यार्थी संघापुढे मी एक साधी सूचना ठेवतो. आपल्यातील जे वृद्ध आज या शहरात एकटे राहतात त्यांची यादी करावी. दर दहा घरांमागे एक मॉनिटर नेमावा, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या वस्तीत, नदीच्या दुसऱ्या काठावर राहणारा एक राखीव मॉनिटर. यादी कागदावर असावी, केवळ मोबाइलात नव्हे. पावसाळ्यात पुराचा इशारा लागला की प्रत्येक घराने रोज संध्याकाळी एक शब्द कळवायचा: निरंक. ज्याचा निरंक आला, त्याला त्रास द्यायचा नाही. ज्याचा आला नाही, त्याच्याविषयी तर्क करीत बसायचे नाही. जाऊन दार वाजवायचे. आणि मॉनिटरचाच निरोप आला नाही, तर राखीव मॉनिटरने त्याचे दार वाजवायचे. वर्षातून एकदा, जूनमध्ये शाळा उघडते त्या आठवड्यात, याची तालीम घ्यावी. खर्च काहीच नाही. विद्या सरांची आहे. आपण ती फक्त पुन्हा वापरायची आहे.

या यादीत माझेही नाव घालावे. मी आता त्याच वयाला पोहोचलो आहे, ज्या वयात माझे ते सहकारी माळ्यावर बसले होते.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. या शांततेचा अर्थ मी संमती असा लावू का, असे मला विचारावेसे वाटते. पण आजचा विषय पाहता मी तसे करणार नाही. सभा संपल्यावर आपण मुखाने सांगावे.

सरांच्या स्मृतीस अभिवादन करतो.